आपल्या नावाचा व्हिसा

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी ऋत्विक पुण्याला म्हणून निघाला. कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात थोडं काम आहे, ते उरकून परत जानेफळला येतो, मग दोघं सोबतच मुंबईहून विमान पकडू, असं त्यानं बायकोला, अर्पिताला सांगितलं. निघताना कागदांची फाईलही सोबत घेतली. "तिकिटात तुझ्या पासपोर्टचा नंबर चुकलाय वाटतं. दुरुस्त करून घेतो," म्हणाला. अर्पिताची आई गीताबाई, तिनं जावयाला वाटेत खायला म्हणून चकल्या आणि अनारसे बांधून दिले. वडील भगवंतराव त्याला गाडीनं मेहकरच्या स्टँडपर्यंत सोडून आले.

त्यानंतर त्याचा फोन आला तो थेट मँचेस्टरहून.

अर्पिता अंगणात होती. शेतातून कापूस आला होता, त्याची गाडी खाली होत होती. गड्यांच्या आवाजात तिला आधी नीट ऐकूच आलं नाही, म्हणून ती गोठ्याच्या बाजूला गेली.

"मी पोचलो," ऋत्विक म्हणाला. "तू आता तिकडंच राहा. आपलं जमत नाही, हे तुलाही माहीत आहे."

"म्हणजे? आणि माझा पासपोर्ट?"

"माझ्याकडे आहे. हे बघ, धावपळ करू नको. तुझा व्हिसा माझ्यामुळं आहे. मी इथल्या सरकारला एक मेल टाकला की तो संपला. तुला इथं यायचा काही हक्क राहत नाही."

त्यानं फोन ठेवला. तिनं परत लावला, तर लागला नाही. ती तिथंच गव्हाणीच्या कडेवर बसली. गीताबाई तिला शोधत आली तेव्हा तिच्या हातात फोन तसाच होता.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. चिखलीचं घराणं, मुलगा इंग्लंडात संगणकाच्या कंपनीत. जानेफळात त्या सोयरिकीची बरीच चर्चा झाली होती. भगवंतराव गावातले मोठे शेतकरी. कोणाच्याही पंचायतीत त्यांना बोलावणं असायचं, आणि लेक लंडनला दिली हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. गाव मँचेस्टर होतं, पण भगवंतराव लंडनच म्हणायचे.

अर्पिता फिजिओथेरपी शिकलेली होती. नवऱ्याच्या मागं गेली तेव्हा पहिलं वर्ष तिनं तिथल्या एका इस्पितळात मदतनीस म्हणून काढलं. घरी आल्यावर अभ्यास करायची. मग तिथल्या नोंदणी मंडळानं तिची पदवी मान्य केली आणि ती त्याच इस्पितळात पूर्ण फिजिओथेरपिस्ट झाली. बिनसायला सुरुवात झाली ती तिथून. तिच्या ड्युट्या लांबल्या, तिच्या ओळखीपाळखी झाल्या, आणि ऋत्विक घरात गप्प राहू लागला. "तू बदललीस," एवढंच म्हणायचा. ती त्याला समजावायची, त्याच्या आवडीचं रांधायची, सुट्टी घ्यायची. दिवाळीला घरी जाऊ, म्हणजे सगळं ठीक होईल, असं तिलाच वाटलं होतं.

भगवंतरावांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो लेकीलाच. "तू त्याले काही बोल्ली होती काय?"

"काही नाही बोलली, बाबा."

"मंग असा कसा जाईन कोणी?"

गीताबाई चुलीपुढून उठून आली. "पोरीले काय पुसता? ज्यानं केलं त्याले पुसा."

भगवंतराव गावातले दोन जाणते घेऊन चिखलीला गेले. व्याह्यांनी चहा दिला, मान खाली घातली आणि म्हणाले, "दोघाईचं हाय ते. राहू द्या वर्षभर तुमच्याकडं. थंडा होईन तो, मंग नेईन." घरी आल्यावर भगवंतरावांनी फर्मान काढलं: कोणाला काही सांगायचं नाही. पोरगी तब्येतीमुळं थांबली आहे.

अर्पितानं काही दिवस ते पाळलं. कोणी आलं की ती आतल्या खोलीत जायची. ऋत्विक म्हणाला ते तिला खरंच वाटत होतं. व्हिसा त्याचा, त्याच्यामागं आपण. तो नाही म्हणाला की सगळं गेलं. नोकरीही, नोंदणीही, तो देशही. इस्पितळातून तिच्या विभागप्रमुख हेलन यांचा फोन आला, कधी येतेस म्हणून. तिनं तब्येतीचं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. ठणठणीत असून ती आजारी म्हणून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती मेहकरला गेली. शाळेत तिच्या पुढच्या वर्गात असलेली पुष्पांजली आता तिथं वकिली करत होती. पुष्पांजलीनं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली, "पासपोर्ट नवऱ्याचा नसतो. खरं तर तुझाही नसतो, तो भारत सरकारचा असतो. तुला वापरायला दिलेला. दुसऱ्यानं तो दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. पोलिसात तक्रार दे, तिच्या आधारावर नवा पासपोर्ट मिळतो."

"पण व्हिसा त्या पासपोर्टवर..."

"आहे का त्यावर? शिक्का होता?"

अर्पिता थांबली. शिक्का नव्हता. तिकडं आता व्हिसा सरकारच्या संगणकात असतो. नोकरीला लागताना इस्पितळानं तिला तिचं तिथलं सरकारी खातं उघडून, काम करायचा हक्क आहे हे दाखवायला लावलं होतं. ते खातं तिच्या स्वतःच्या ईमेलवर होतं. पुष्पांजलीच्या टेबलावरच तिनं ते उघडलं. तिचा फोटो दिसला, खाली तिचं नाव, आणि मुदत अजून बरीच बाकी.

"म्हणजे संपलेला नाही," अर्पिता म्हणाली.

"आज तरी नाही. पण पुढचं मी सांगणार नाही. तिथला कायदा मला येत नाही, आणि न येणाऱ्या गोष्टीवर सल्ला देणारे लोक पाहिलेत मी. तिकडं सरकारकडं नोंदणी असलेले सल्लागार असतात, काही संस्था फुकट सल्ला देतात. तिथं विचारू. आधी तक्रार."

घरी तक्रारीचं नाव काढताच भगवंतराव उखडले. "पोलिसात? आपल्या घरची पोरगी ठाण्यात जाईन?"

"पासपोर्ट पाहिजे बाबा मले. नवा काढाचा त तक्रार लागते."

ते बराच वेळ ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. मी येतो संगं. पण हरवला म्हणून सांगू. पासपोर्ट हरवते लोकाईचा. त्यात कोणाची अब्रू जात नाही."

ठाण्यात एक बाई हवालदार होत्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि कागद पुढं ओढला. अर्पितानं तोंड उघडायच्या आत भगवंतराव बोलले, "पोरीचा पासपोर्ट हरवला जी. त्याची नोंद पाहिजे."

"कुठं हरवला?"

"प्रवासात."

"कोणता प्रवास? एसटी, रेल्वे? कुठून कुठं?"

भगवंतरावांनी लेकीकडं पाहिलं. ती नुसती त्यांच्याकडं पाहत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणात "खरं काय ते सांग बे आधी" असं दरडावणारा हा माणूस लाकडी बाकावर बसून रेल्वेचं नाव शोधत होता. हवालदारबाई वाट पाहत होत्या. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता.

भगवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हरवला नाही," ते म्हणाले. "जावयानं नेला. पोरीले इथं टाकून तो इंग्लंडले निघून गेला. ऋत्विक नाव हाय त्याचं. लिहा."

हवालदारबाईंनी लिहायला सुरुवात केली. अर्पिताला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं तारखा सांगितल्या, फोनवरचं बोलणं सांगितलं, सही केली. बाहेर आल्यावर वडिलांनी गाडीचं दार उघडलं आणि आत न बसता तसेच उभे राहिले.

"म्या तुले पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, ते विसरजो," ते म्हणाले.

"विसरली."

ती विसरली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदललं. विचारणाऱ्याला भगवंतराव स्वतःच सांगू लागले, आणि सांगून झाल्यावर गावाच्या लक्षात आलं की यात कुजबुजण्यासारखं काही उरलेलंच नाही.

इंग्लंडातल्या एका संस्थेच्या सल्लागाराशी व्हिडिओवर बोलायची वेळ ठरली. ते म्हातारे गृहस्थ होते, हळूहळू बोलायचे. अर्पिता पुष्पांजलीच्या ऑफिसात बसली, आणि शेजारी खुर्ची ओढून भगवंतरावही बसले. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण प्रश्न सगळ्यात जास्त त्यांचेच होते.

"त्याले विचार, जावयानं तिथं काही उलटसुलट कळवलं त पोरीचं नाव काळ्या यादीत जाते काय?"

अर्पितानं विचारलं. गृहस्थ हसले नाहीत. लग्न मोडणं हा गुन्हा नाही, ते म्हणाले. त्यावरून कोणावर बंदी येत नाही. बंदी येते ती अर्जात खोटं सांगितल्यावर.

"मंग आता हाये त्याच व्हिसावर जाऊ दे म्हणा तिले. चालू हाये ना?"

चालू दिसतोय खरा, गृहस्थ म्हणाले, पण तो मिळाला आहे तो नवऱ्यासोबत राहण्यासाठी. ते राहणं संपलं असेल, तर त्याचा आधार संपला. सरकारला कळवल्यावर तो रद्द होईल. ती देशाबाहेर असताना कदाचित लगेच. आणि विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, नवऱ्याकडं चाललात का, तर ती काय सांगणार?

अर्पितानं हे वडिलांना मराठीत सांगितलं. भगवंतरावांचा हात टोपीकडं गेला. ठाण्यातला बाक त्यांना आठवला असावा.

"मी खोटं सांगून जाणार नाही," अर्पिता इंग्रजीत म्हणाली. "दुसरा रस्ता आहे का?"

"तुम्ही काम काय करता?" गृहस्थांनी विचारलं.

तिनं सांगितलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चष्मा काढला. फिजिओथेरपिस्ट, नोंदणी झालेली, इस्पितळात अनुभव. "मग तुम्ही हे मला शेवटी का सांगताय?" ते म्हणाले. "इस्पितळ तुम्हाला नोकरी द्यायला तयार असेल आणि त्यांच्याकडं परदेशी माणसं घ्यायचा परवाना असेल, तर तुम्ही स्वतःच्या नावानं व्हिसा मागू शकता. तो कामाचा असतो, त्यात नवऱ्याचा संबंध नाही. मिळेलच असं मी म्हणत नाही. पण मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे."

"काय म्हणते तो?" भगवंतरावांनी अधीर होऊन विचारलं.

"म्हणतात, मी माझ्या कामावर जाऊ शकते. माझ्या नावानं."

"मंग हे आधीच काऊन नाही केलं?"

"मले माहीत नव्हतं, बाबा. कोणी सांगतलंच नाही."

त्या संध्याकाळी तिनं हेलनला फोन करून सगळं खरं सांगितलं, तब्येतीचं खोटं होतं हेसुद्धा. मग हेलन म्हणाल्या, "तू आजारी आहेस असं वाटून मी तुझ्या रुग्णांना, ती बरी झाली की येईल, असा खोटा दिलासा देत होते. आता खरा देता येईल. पण कामाच्या व्हिसासाठी नवी नेमणूक लागेल, त्या जागेसाठी जाहिरात निघेल, इतरांसारखीच मुलाखत द्यावी लागेल. मी तुला ती जागा भेट म्हणून देऊ शकत नाही."

"मुलाखत देते," अर्पिता म्हणाली.

मग वाट पाहण्याचे दिवस आले. नव्या पासपोर्टसाठी चौकशी झाली, जबाब झाले. अर्पिताला रिकामं बसवेना. शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायांची कंबर, खांदे, मनगटं तिला रोज दिसत होती. तानुबाई म्हणून एक होती, तिचा उजवा हात खांद्याच्या वर जायचाच नाही. वेणी सून घालून द्यायची. अर्पितानं तिला ओट्यावर भिंतीशी उभं केलं आणि बोटांनी भिंत चढायला शिकवलं.

"तुह्या नवऱ्यानं तुले टाकलं म्हणते, खरं काय वं?" तानुबाईनं भिंतीवर बोटं सरकवत थेट विचारलं.

"खरं हाय."

"मंग तू दुसऱ्याईचे हात काऊन बरे करत बसली?"

"येते म्हणून."

तानुबाई खळखळून हसली आणि तेवढ्यात तिचा हात बोटभर आणखी वर गेला. थंडी सरेपर्यंत ती स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. तिच्या मागं पार हिवरा आश्रम गावापासूनच्या बाया येऊ लागल्या. गीताबाईनं ओट्यावर जुनी सतरंजी अंथरून ठेवली आणि येणाऱ्यांचा चहा स्वतःकडं घेतला. अर्पिताच्या मनात एक विचार येऊन गेला, की व्हिसा नाही मिळाला तर मेहकरला एक खोली घेऊन इथंच काम करायचं. तो विचार आल्यावर तिची झोप सुधारली. जाणं आता तिला हवं होतं, पण त्यावाचून सगळं अडलेलं नव्हतं.

नवा पासपोर्ट आला त्याच आठवड्यात ऋत्विकचा फोन आला. तक्रारीची बातमी चिखलीला पोचली होती.

"तू पोलिसात गेलीस?" त्याचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "आई रडतेय रोज. हे बघ, मी पासपोर्ट पाठवतो. तू तक्रार मागं घे आणि ये परत. मी इकडं अजून काही कळवलेलं नाही. तुझा व्हिसा आहे तसाच आहे."

गीताबाई शेजारीच शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"तो पासपोर्ट आता चालत नाही, ऋत्विक," अर्पिता म्हणाली. "रद्द झालाय. नवा आलाय मला."

"नवा?"

"मी एक विचारू?" ती म्हणाली. "मी आले, तर नवा पासपोर्ट कोणाकडं राहील?"

"तुझ्याकडं. अर्थात तुझ्याकडं."

"आणि नोकरी?"

"आपण आधी घर नीट करू ना," तो म्हणाला. "नोकरीचं मग बघू."

तिला त्याची कीव आली. तिला वाटलं, हा वाईट माणूस नसेल, घाबरलेला आहे. पण त्याच्या घाबरण्यापायी तिला गव्हाणीच्या कडेवर बसावं लागलं होतं. "नको," ती म्हणाली. "तू तिथल्या सरकारला आपलं खरं ते कळव. मीही कळवते. तक्रार मागं घेणार नाही. पुढचं पुष्पांजलीताई बोलतील." आणि तिनं, या वेळी तिनं, फोन ठेवला.

गीताबाईनं शेंगा सोलायला परत सुरुवात केली. "जेवाले काय करू?" तिनं विचारलं.

मुलाखत पुष्पांजलीच्या ऑफिसातून झाली. तीन जणांनी तिला खोदून खोदून विचारलं. हेलन त्यांत होत्या, पण त्यांनी ओळखही दाखवली नाही. पक्षाघात झालेल्या रुग्णाला पहिल्यांदा उभं कसं करायचं या प्रश्नावर अर्पिता इतकी रंगली, की खुर्चीवरून उठून तिनं करूनच दाखवलं. जागा तिला मिळाली. मग इस्पितळाचं पत्र, अर्ज, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे. अर्जात लग्नाच्या रकान्यात तिनं "विभक्त" निवडलं. पुढच्या प्रश्नावर जाण्याआधी थोडी थांबली, आणि गेली.

व्हिसा मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा ती तानुबाईच्या जावेच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. तिनं पट्टी पूर्ण बांधली, मग हात पुसून घरात गेली. भगवंतरावांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून ती इंग्रजी अक्षरं पाहिली. कळलं काहीच नाही.

"कोणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"अजून कोणाचं नाव हाय काय त्यात?"

"नाही बाबा. एकटीचंच."

"बरं," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला बाहेर गेले. बराच वेळ पुसत राहिले.

उन्हाळा तापायच्या आत ती गेली. मँचेस्टरच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात. ती म्हणाली, कामासाठी. त्यानं तिचा नवाकोरा पासपोर्ट परत दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. घरी फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा गीताबाईला वाटलं होतं तेवढं ते मोठं वाटलं नाही. "एवढंच विचारलं?" ती म्हणाली. घटस्फोटाचा खटला मेहकरला चालू आहे, तो वेळ घेईल. पहिल्या हिवाळ्यात अर्पिताला एकटीनं राहणं जड गेलं. काही रविवारी ती आईला फोन लावून नुसती ऐकत राहायची, आणि गीताबाई दिवसभराचं काय काय ते सांगत राहायची. पण ती टिकली. आता तिच्या हाताखाली एक नवी मुलगी शिकते.

मागच्या महिन्यात गावातला जानराव भगवंतरावांकडं आला. त्याच्या पोरीला, छकुलीला, स्थळ आलं होतं, मुलगा जर्मनीत. जानराव खुशीत होता आणि जरा बावरलेलाही. "तुम्हाले या गोठी समजतात दादा," तो म्हणाला. "पाहुण्याईले काय काय पुसाव?"

"पुसजो, पोरीले व्हिसा कोणता भेटते. त्यावर तिले काम करता येते काय. आन् काही बिनसलं त तिचं तिथं राहणं कशावर हाय." भगवंतरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "पण जानराव, तू आन् मी बोलून काय फायदा? म्याही तवा असंच केलं. सोयरीक म्या ठरवली, प्रश्न म्या विचारले, आन् जाणार होती ती आतमधी बसली होती. छकुली कुठं हाय?"

"घरी."

"बोलाव तिले."

छकुली आली, दाराशीच उभी राहिली. भगवंतरावांनी अर्पिताला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी होती. मागं ताटल्यांचा आवाज येत होता. जानराव खाकरून बोलायला पुढं सरला, तेव्हा ती म्हणाली, "जानकाका, फोन छकुलीले द्या."

छकुलीनं फोन कानाला लावला, एकदा बापाकडं पाहिलं आणि आतल्या खोलीत गेली. गीताबाईनं दोघांना चहा आणून दिला. चहा संपला, सुपारी कातरून झाली, तरी ती बाहेर आली नव्हती. आतून मधूनच तिचा प्रश्न ऐकू यायचा. मग ती ऐकत असायची. मग आणखी एक प्रश्न.